दगडाचा जुना पत्ता

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना हुमनाबाद मागं पडतं आणि जहिराबाद यायचं असतं, तेवढ्यात मन्नाएखेळ्ळी लागतं. इथं उतरणारा माणूस बहुतेक बिदरची गाडी धरायला उतरतो. टपरीवर चहा घेता घेता कन्नड, मराठी, दखनी आणि तेलुगू अशा चार भाषा कानावर पडतात, आणि बोलणाऱ्याला आपण एका वाक्यात दोन भाषा वापरल्या याचा पत्ताही नसतो. दगड बघायला मात्र इथं कुणी उतरत नाही. माझ्या मते उतरायला हवं, कारण दगडांसाठी याच्यासारखा दुसरा नाका नाही.

पश्चिमेला उमरगा, सोलापूर आणि थेट सह्याद्रीपर्यंत काळा कातळ आहे. उत्तरेला बिदरकडे पंचवीस-तीस किलोमीटर गेलं की जमीन तांबडी होते आणि घरांच्या भिंतींत जांभ्याचे चिरे दिसू लागतात. दक्षिणेला चिंचोळी, सेडम करत शहाबादकडे उतरलं की चुनखडीचे थर लागतात. अर्ध्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत जी शहाबादी फरशी आहे, ती तिथलीच. आणि पूर्वेला जहिराबाद ओलांडून हैदराबादच्या वाटेला लागलं की काळा दगड मागं पडतो आणि एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसायला लागतात. ते धोंडे सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे आहेत. त्यांच्यापुढं आपला काळा कातळ म्हणजे कालचं पोर, वय ६ कोटी ६० लाख वर्षं. जमिनी सरकतात की नाही या विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या भांडणात साक्षीला उभं राहिलं ते हे पोरच.

या कातळाकडे विद्येच्या नजरेनं बघणाऱ्या पहिल्या लोकांत ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स होते. मुंबई इलाख्यात आकडेवारी गोळा करण्याचं काम करता करता त्यांनी घाटमाथा पायाखाली घातला आणि १८३३ मध्ये दख्खनच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध पुढं आला. इथले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. एक थर सपाट, मग कडा, पुन्हा सपाट, पुन्हा कडा. उत्तर युरोपातल्या भाषांत पायरीला जो शब्द आहे त्यावरून अशा खडकाला 'ट्रॅप' म्हणत. तेच नाव दख्खनला चिकटलं. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट, थंड होऊन बसलेला. दोन लोटांमध्ये कुठं कुठं विटकरी मातीचा पट्टा असतो, तो तांबडा बोल. पहिला लोट निवला, वर माती झाली, मग दुसरा लोट येऊन ती माती भाजून गेला. विहीर खणणाऱ्यांना हा पट्टा बरोबर माहीत असतो.

बिदरच्या जांभ्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. जांभ्याला शास्त्रीय नाव मिळालं ते १८०७ मध्ये, मलबारात, फ्रान्सिस बुकानन यांच्याकडून. लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. १८४० च्या दशकात मद्रास सैन्यातले कॅप्टन न्यूबोल्ड यांनी बिदरच्या तांबड्या पठाराचं वर्णन लिहिलं. हा तांबडा दगड वेगळा कुठून आलेला नाही. काळ्या कातळावर लक्षावधी पावसाळे कोसळले, विरघळण्याजोगं सगळं वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं उरलं, तोच जांभा. भोकाभोकांचा. पाणी वरून शिरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यातून बाहेर येतं. गुरुनानक झिरा तसाच, आणि नरसिंह झरणीही तशीच. झरणीत दर्शनाला छातीइतक्या पाण्यातून भुयारात चालत जावं लागतं. डोक्यावर वटवाघळं, पायाखाली पाणी आणि दोन्ही हातांना लागणारी जांभ्याची खरबरीत भिंत. भूगोलाच्या पुस्तकात 'सच्छिद्र खडक' वाचून जे कळत नाही ते तिथं तळव्यांना कळतं.

आता भांडणाकडे येतो. १९१२ मध्ये जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडलं की खंडं एकेकाळी एकत्र होती आणि मग फाकत गेली. त्यांच्या पुराव्यांत आपल्याकडचा माल भरपूर होता. चंद्रपूर-नागपूरकडच्या कोळशाच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची पानं सापडतात. तीच पानं आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही. दक्षिणेच्या त्या सगळ्या एकत्र भूभागाला नाव मिळालं तेही आपल्याच गोंडवनावरून.

पण विद्वानांनी वेगेनरना फारसं जवळ केलं नाही, आणि त्यांचा आक्षेप पोरकट नव्हता. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज विचारत होते की खंड सरकायचं तर खालच्या घट्ट दगडातून नांगरासारखं कसं जाईल? तेवढा जोर आणायचा कुठून? भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून ज्या तऱ्हेनं जातात त्यावरून तिथला खडक घन आहे हे कळलेलं होतंच. घन दगड वाहत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

उत्तर दिलं आर्थर होम्स या इंग्रज भूशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकाच्या अखेरीस ग्लासगोला दिलेल्या व्याख्यानात. ते लेखरूपानं १९३१ मध्ये आलं. खडकांतल्या किरणोत्सारी द्रव्यांवरून त्यांचं वय काढण्यात होम्स आधीपासून मुरलेले होते, त्यामुळं पृथ्वीच्या पोटात उष्णता सतत तयार होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती उष्णता बाहेर पडायची कशी? दगड उष्णतेच्या बाबतीत महा आळशी. आमच्या भागातल्या जुन्या दगडी वाड्यात वैशाखाच्या दुपारी जाऊन बसा. अडीच-तीन फुटांच्या भिंतीतून ऊन आत यायला संध्याकाळ होते. आता ही भिंत शंभर किलोमीटर जाडीची कल्पा. उष्णता तिच्यातून झिरपत पलीकडे यायला कोट्यवधी वर्षं लागतात. होम्स म्हणाले, मग उष्णता दगडासकट वर येत असणार. तापलेला खडक फुगतो. शंभर अंश जास्त तापला तर त्याची घनता जेमतेम ०.३ टक्क्यानं उतरते, पण २,९०० किलोमीटर खोलीच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, एवढा फरक पुरतो. हलकं वर येतं, वर येऊन पसरतं, निवतं आणि जड होऊन पुन्हा खाली जातं. वरची खंडं या प्रवाहावर बसलेली. त्यांनी काही नांगरायचं नसतं, त्यांना वाहून नेलं जातं.

हे बघायला आमच्याकडं गुऱ्हाळ आहे. कढईत रस उकळायला लागला की मध्यातून उसळी येते, रस कडेकडे सरकतो, मळी कडेला गोळा होते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढत राहतो. पण ही उपमा इथंच सोडून दिली तर घोटाळा होतो. लोकांना वाटतं पृथ्वीच्या पोटात लाव्ह्याचा समुद्र आहे. तसं नाही. प्रावरण उकळत्या रसासारखं नाही, ते तयार ढेपेसारखं आहे. ढेपेवर बत्ता मारा, ती फुटते, म्हणजे ती घनच. तीच ढेप उन्हाळाभर कोठीत ठेवा, बूड पसरतं, माथा बसतो. कुणी ढकललं नाही, कुठं वितळली नाही, आपल्याच भारानं वाहिली. प्रावरणातला ऑलिव्हिन या हिरवट खनिजाचा खडक असाच आहे. भूकंपाच्या क्षणभराच्या धक्क्याला तो पोलादासारखा टणक, आणि लाखो वर्षांच्या रेट्याला मऊ. त्याच्या स्फटिकांतले अणू तापलेल्या अवस्थेत जागा बदलत राहतात आणि खडक वर्षाला काही सेंटीमीटर सरकतो. जेफ्रीज आणि होम्स एकाच दगडाबद्दल बोलत होते. एकाच्या हातात बत्ता होता, दुसऱ्याच्या हातात पंचांग.

होम्सकडे युक्तिवाद होता, पुरावा नव्हता. पुरावा आला तो एका फसलेल्या प्रयोगाच्या पोटातून. १९४८ चं नोबेल मिळालेले पॅट्रिक ब्लॅकेट यांना असं वाटत होतं की कुठलीही मोठी वस्तू नुसती फिरत राहिली तरी तिच्यात चुंबकत्व येतं. ते तपासायला त्यांनी अतिशय संवेदनशील चुंबकमापक बनवला. उत्तर आलं, येत नाही. १९५२ मध्ये त्यांनी ते सरळ छापून टाकलं. आता हातात उरलं एक अफलातून यंत्र, ज्याला काम नव्हतं. ते त्यांनी दगडांकडे वळवलं.

लाव्हा निवतो तेव्हा त्यातले लोहखनिजाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे रोखले जातात. सुमारे ५८० अंशांखाली आलं की मॅग्नेटाइटचं चुंबकत्व पक्कं होतं, आणि खडक पुन्हा तितका तापला नाही तर कोट्यवधी वर्षं तसंच राहतं. म्हणजे काळ्या दगडाच्या प्रत्येक तुकड्यात बंद पडलेलं होकायंत्र आहे. त्याची सुई नुसती उत्तर दाखवत नाही. विषुववृत्तावर ती आडवी असते, ध्रुवाकडे जावं तशी जमिनीत झुकत जाते, आणि दक्षिण गोलार्धात तिचं उत्तरेचं टोक आभाळाकडे उठतं. तेव्हा सुईच्या कलावरून दगड निवला तेव्हा कुठल्या अक्षांशावर होता हे काढता येतं.

केंब्रिजमध्ये टेड आयर्विंग नावाचा विद्यार्थी याच विषयात होता. भारत दक्षिणेकडून आला असेल तर तिथल्या तरुण लाव्ह्यात ते दिसलंच पाहिजे, असं त्याच्या डोक्यात आलं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्याला पाठबळ दिलं. गोलावर विखुरलेल्या दिशांची सरासरी कशी काढायची याचं गणितही फिशर यांनीच १९५३ मध्ये छापलं. भारतातून दख्खनच्या कातळाचे मोजके नमुने मागवले गेले. त्यांच्यातली सुई सांगत होती की भारत सुमारे ६,००० किलोमीटर उत्तरेला आला आहे आणि येताना घड्याळाच्या उलट दिशेनं तीस अंशांहून जास्त वळला आहे. नकाशावर जवळपास दिल्लीहून लंडनला जाण्याइतकं अंतर, आणि तेही एका अख्ख्या देशानं! आयर्विंगचा प्रबंध परीक्षकांनी १९५४ मध्ये नापास केला. तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि तिथं या शास्त्राचा एक म्होरक्या झाला.

ब्लॅकेट मात्र लंडनच्या इंपीरियल कॉलेजात होते आणि होमी भाभांशी त्यांचं जुनं सख्य होतं. त्यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या खडकांचं चुंबकत्व मोजून १९५६ मध्ये निबंध छापला. त्याच सुमाराला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम उभं राहिलं. १९५८ आणि १९५९ च्या निबंधांवर एर्न्स्ट डॉइच यांच्या बरोबरीनं सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे ही नावं आहेत. अणुशक्तीच्या गोष्टींत या संस्थेचं नाव आपण शेकडो वेळा वाचलं. सह्याद्रीचे दगड फोडून भारताचा जुना पत्ता शोधणारे हे सहस्रबुद्धे मराठी वाचकाला जवळपास ठाऊक नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

काम दिसायला अगदी साधं. कातळ जागेवरून हलवण्याआधी त्यावर उत्तरेची रेघ ओढायची, कल लिहून घ्यायचा, मग तुकडा काढायचा. रेघ चुकली तर सगळं मुसळ केरात, कारण दगड एकदा हातात आला की तो कुठल्या तोंडानं बसला होता हे तो पुन्हा सांगत नाही. हे तुकडे मग प्रयोगशाळेत जायचे. तिथं धाग्याला टांगलेल्या चुंबकांच्या जोडीखाली ते फिरवायचे आणि ती जोडी केसभर कुठं वळते ते बघायचं.

आयर्विंगचा निकाल टिकला. पुढच्या मोजमापांत आकडा थोडा खाली आला एवढंच. लाव्हा वाहत होता तेव्हा दख्खन २५ ते ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास होता. मन्नाएखेळ्ळी आज १७ अंशांच्या वर उत्तरेला आहे, म्हणजे इथल्या टपरीखालच्या कातळाचा प्रवास जवळपास ५,००० किलोमीटरचा. या कामात आणखी एक गोष्ट हाती लागली. खालच्या थरांत सुई उलटी होती, वरच्या थरांत सुलटी. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात, त्याची ही खूण. इतक्या थरांत उलटापालट इतकी कमी, याचा अर्थ हे सगळं डोंगरभर साहित्य थोड्या काळात ओतलं गेलं, असं १९८६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिन्सेंट कुर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला. डायनोसॉर संपले तोच हा काळ.

त्याच्या कितीतरी आधी समुद्रानंही जबाब दिला होता. १९६२ मध्ये 'ओवेन' या ब्रिटिश जहाजानं आपल्या अरबी समुद्राच्या पलीकडच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर तळाचं चुंबकत्व मोजलं. त्यावरून फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये मांडलं की तळावर उलट्या-सुलट्या चुंबकत्वाचे पट्टे रांगेच्या दोन्ही अंगांना जोडीनं असतात. तिथं नवा तळ तयार होतो आणि दोन्हीकडे सरकतो. १९६७-६८ पर्यंत भूपट्टांचं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांचं, शास्त्र उभं राहिलं. १९७१ मध्ये मॅकेन्झी आणि स्क्लेटर यांनी हिंदी महासागराचे पट्टे मोजून भारताचा वेग काढला. एका टप्प्यावर वर्षाला सुमारे १८ सेंटीमीटर. इतर बहुतेक पट्ट वर्षाला दोन-पाच सेंटीमीटर सरकत असताना भारत अक्षरशः उधळला होता.

का उधळला? एक कारण पुढच्या टोकाला होतं. भारत आणि आशियामधल्या टेथिस समुद्राचा तळ जुना आणि थंड, म्हणून जड. तो आशियाखाली बुडत होता. खोल गेल्यावर दाबामुळं त्यातल्या बेसॉल्टचं, म्हणजे काळ्या कातळाचंच, गार्नेटयुक्त, आणखी जड खडकात रूपांतर होतं. दांडीवर वाळत घातलेलं लुगडं एका अंगाला जास्त लोंबलं की आपोआप सरकत जातं, कुणी ओढावं लागत नाही; तसा बुडणारा तळ मागच्या अख्ख्या भारताला ओढत होता. होम्सच्या चित्रात खंडं प्रवाहावर निवांत बसलेली होती. आज आपण समजतो की पट्ट हा स्वतःच त्या प्रवाहाचा वरचा, निवलेला भाग आहे आणि सगळ्यात मोठी ओढ त्याच्या बुडणाऱ्या कडेची आहे.

दुसरं कारण खालून आलेलं. प्रावरणात खोलवरून वर येणाऱ्या तापलेल्या खडकाच्या खांबावरून भारत तेव्हा जात होता. हा खांबही घनच असतो. कुकरमध्ये दाबाखाली पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही आणि दाब सुटला की फसफसतं. तसा वर येता येता दाब उतरला की हा तापलेला खडक अंशतः वितळतो. तोच दख्खनचा लाव्हा. आजही त्याचा पाच लाख चौरस किलोमीटरचा पट्टा उरला आहे. सह्याद्रीच्या थरांना शास्त्रज्ञांनी दिलेली नावं नकाशात वाचताना घाटात फिरल्यासारखं वाटतं: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यातल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांचं रसायन थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या लाव्ह्याशी जुळतं. हजार किलोमीटरचा ओघ, आणि त्याची वाट बहुधा आमच्या या पूर्वेकडच्या मुलखातून.

भारत पुढं निघून गेला, चूल जागीच राहिली. तिच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशा समुद्रात ओळीनं आहेत आणि शेवटी रेयुनियन बेट, जिथला ज्वालामुखी आजही धडाडतो. रेयुनियनच्या शेजारचं मॉरिशस याच चुलीचं, सुमारे नव्वद लाख वर्षांचं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांत मजुरीला गेलेली मराठी कुटुंबं तिथं स्थायिक झाली आणि गणेश चतुर्थीची सुट्टी आजही त्या देशात सरकारी आहे. बोटीत बसून समुद्र ओलांडला तरी उतरले ते त्याच चुलीच्या काळ्या दगडावर.

मन्नाएखेळ्ळीहून पूर्वेला गेलं की हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे, १९६१ मध्ये स्थापन झालेली. तिथल्या प्रकाश कुमार यांनी जर्मन सहकाऱ्यांसह २००७ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की भारताचा पट्ट जेमतेम शंभर किलोमीटर जाडीचा आहे, तर गोंडवनातल्या त्याच्या भावंडांचे १८० ते ३०० किलोमीटरचे. खालच्या तापलेल्या खांबानं बूड वितळवून टाकलं, पट्ट हलका झाला आणि सुटला, असं त्यांचं म्हणणं. ते सगळ्यांना पटलेलं नाही. मला ते आवडतं, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियावर आदळला. हिमालय उठला, वेग उतरला. थांबला मात्र नाही. आजही वर्षाला पाचेक सेंटीमीटर, नख वाढतं त्याहून जरा जास्त. हा रेटा हिमालयातच सगळा जिरत नाही. त्याचा काही भाग मागं, आमच्या या जुन्या आणि स्थिर म्हणून गणलेल्या भूमीतही साचतो. शासनाच्या भूकंप नकाशात लातूरचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी त्याच भागातल्या किल्लारीखाली खडक फाटला. ६.२ तीव्रतेचा धक्का, तोही अगदी उथळ. जवळपास दहा हजार माणसं गेली. बिदर-हुमनाबादेकडंही लोक अंधारात अंगणात आले होते. ज्या जाड दगडी भिंती वैशाखात गारवा द्यायच्या, त्या मातीत बसवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर माळवदाचा भार. त्याच काळ्या दगडानं माणसं गाडली.

पुढं हैदराबादच्या संस्थेनं किल्लारीला भोक पाडलं, ६१७ मीटर खोल. आधी ३३८ मीटर काळा कातळ, लोटावर लोट. सगळ्यात खाली जुना खडक, हैदराबादच्या धोंड्यांच्या पिढीतला. आणि या दोन्हींच्या मध्ये ८ मीटर गाळ. पहिला लाव्हा येऊन पडला तेव्हा इथं जी उघडी जमीन होती, ती ही. दक्षिण गोलार्धातली, पाच हजार किलोमीटर मागची.